'अर्धा कोयता' मध्यभागी : उपेक्षित व्यक्तिरेखा आणि विद्यार्थी-लघुपटाची पूर्वतयारी

१

साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास मराठीच्या पदव्युत्तर वर्गांना आता नवा राहिलेला नाही. कादंबरीचा चित्रपट होताना काय गळते आणि काय नव्याने येते, याची चर्चा आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. चित्रीकरण आणि संकलन भ्रमणध्वनीवरही करता येऊ लागल्यामुळे काही विद्यार्थी लेखी प्रकल्पाच्या जोडीने दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट सादर करू लागले आहेत. त्यासाठी निवडलेला विषय बहुधा एखाद्या दुर्लक्षित माणसाचा असतो : सफाई कामगार, पोतराज, वीटभट्टीवरचा मुलगा, ऊसतोडणी करणारी स्त्री. ही निवड दलित, ग्रामीण आणि आदिवासी साहित्याने घडविलेल्या वाङ्मयीन जाणिवेतूनच झालेली असते, आणि म्हणून तिचे स्वागत करावयास हवे.

परंतु असे लघुपट पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. ज्या व्यक्तीसाठी लघुपट काढलेला असतो ती पडद्यावर सर्वाधिक वेळ दिसते, आणि तरीही कथा तिची नसते. कथा असते तिला भेटावयास आलेल्या पत्रकाराची, तिच्या मुलीला शाळेत नेणाऱ्या शिक्षकाची, किंवा तिची अवस्था पाहून डोळे उघडलेल्या एखाद्या शहरी तरुणाची. बदल होतो तो त्यांच्यात. ती मात्र पहिल्या दृश्यात जशी सोसत असते तशीच शेवटच्या दृश्यात सोसत राहते. व्यक्तिरेखेचे केंद्रत्व ती किती वेळ दिसते यावर अवलंबून नसते; कथेतला निर्णय कोणाचा आणि कथा पुढे सरकण्यासाठी लागणारे ज्ञान कोणाजवळ, यावर ते अवलंबून असते. आणि या दोन्ही गोष्टी चित्रीकरणाच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, कागदावर ठरतात. प्रस्तुत लेखात हा विचार ऊसतोड स्त्रीच्या व्यक्तिरेखेच्या आधारे मांडला आहे.

२

ऊसतोडणीच्या व्यवहारात 'कोयता' हा शब्द हत्यारापुरता राहिलेला नाही. कोयता म्हणजे जोडपे, नवरा आणि बायको मिळून एक एकक. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. हंगामापूर्वी दिली जाणारी उचल ठरते तीही कोयत्यामागे. जोडीदाराविना आलेला मजूर 'अर्धा कोयता' म्हणून ओळखला जातो. दोन माणसांचे श्रम एका हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखी आहे. उचल सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते, बोलणी त्याच्याशी होतात, वहीत नाव त्याचे लागते. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे या कामांत स्त्रीचा वाटा निम्म्याहून कमी तर नसतोच. शिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि लेकरे यांचा भार तिच्यावर वेगळा. तरी हिशेबात ती अर्धी, आणि तीही निनावी.

तिच्या अदृश्यतेचे सर्वांत बोलके चित्र दर वर्षी वृत्तपत्रांत छापून येते. गळीत हंगामाच्या शुभारंभाला कारखान्याचे अध्यक्ष आणि मान्यवर गव्हाणीत मोळी टाकतात, आणि छायाचित्र निघते. ती मोळी कोणी बांधली हे त्या छायाचित्रात नसते. विद्यार्थ्यांनी पूर्वतयारीची सुरुवात अशा एखाद्या छायाचित्रापासून करावी, असे मला वाटते. प्रतिनिधित्वाचा अभाव म्हणजे काय हे कोणत्याही सैद्धान्तिक व्याख्येपेक्षा ते छायाचित्र अधिक नेमकेपणाने सांगते.

याचा अर्थ ऊसतोड स्त्रीविषयी काहीच बोलले गेले नाही, असा नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवर होणाऱ्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. मासिक पाळीच्या दिवसांतही काम चुकविता येत नाही, कारण कामावर न जाण्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याला मजुरी बुडण्याबरोबर दंडही असतो. त्या वेळच्या वृत्तांतांत हा दंड दिवसाला ५०० रुपयांपर्यंत असल्याचे नोंदले गेले. हे सारे उजेडात आले हे आवश्यकच होते. पण त्यानंतर 'ऊसतोड स्त्री' म्हटले की शस्त्रक्रिया, एवढेच समीकरण शहरी मनात रुजले. ज्या स्त्रीला पूर्वी चेहरा नव्हता तिला आता एक व्यथा मिळाली, आणि त्या व्यथेमागे चेहरा पुन्हा झाकला गेला. अहवालाला आकडा लागतो. लघुपटाने आकड्याचे उदाहरण होण्यात समाधान मानू नये.

३

मराठी कथनात्म साहित्यात उपेक्षितांकडे पाहण्याच्या ज्या रीती रूढ झाल्या, त्यांचा ठसा विद्यार्थ्यांच्या संहितांवर नकळत उमटतो. म्हणून त्या रीती तपासून पाहावयास हव्यात.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) धनगरांच्या वस्तीची कादंबरी आहे, आणि तिचा निवेदक आहे बाहेरून आलेला तरुण शिक्षक. वस्ती आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांनी. ही योजना प्रामाणिक आहे, कारण आपण बाहेरचे आहोत याचा विसर निवेदकाला पडत नाही. त्याच्या समजुतीच्या मर्यादाही कादंबरीच्या आशयाचाच भाग होतात. १९९५ साली अमोल पालेकरांनी केलेल्या चित्रपटातही ही शिक्षकाची चौकट आहे. अडचण मूळ कृतीत नाही. विद्यार्थी-लघुपटात शिक्षक तेवढा उसना घेतला जातो, त्याची मर्यादित दृष्टी मात्र मागेच राहते. उरतो तो केवळ उपकारकर्ता.

दुसरी रीत उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये दिसते. कौतिकच्या दारिद्र्याचे कथन करताना शेळके बाहेरचा कोणी साक्षीदार आणीत नाहीत. संसार स्वतःच्या पायांवर उभा राहावा ही कौतिकची जिद्द कादंबरीला गती देते. तिच्या वाट्याला शेवटी काय येते हा भाग वेगळा. परंतु जे घडते त्यात तिच्या इच्छेचा आणि हिशेबाचा हात असतो. वऱ्हाडी बोली येथे रंगासाठी येत नाही, कौतिकच्या विचार करण्याची ती रीत आहे. उपेक्षित व्यक्तिरेखेवर लघुपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तंत्राच्या पुस्तकांआधी 'धग' वाचावी, असा माझा आग्रह असतो. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही आत्मकथने याच्या पुढचे पाऊल होत. तेथे सांगणारी आणि जगणारी एकच आहे. लघुपटाच्या दिग्दर्शकाला ती सोय नसते, कारण तो बहुधा त्या जगण्याच्या बाहेरचा असतो. दिग्दर्शक त्या समाजातला असेल तर प्रश्न निराळे होतात. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' (२००९) या लघुपटात शाळेची ओढ असलेला पारधी मुलगा किंवा 'फँड्री' (२०१३) मधला जब्या यांचे बळ त्या आतल्या ओळखीत आहे. 'फँड्री'च्या अखेरीस भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. आतापर्यंत ज्याच्याकडे सारे पाहत होते तो पाहणाऱ्याला लक्ष्य करतो. मात्र त्या शेवटाची नक्कल आता इतकी होऊ लागली आहे की, निदान आपल्या वर्गात तरी काही वर्षे दगडाला सुट्टी द्यावी.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मधले एक दृश्य प्रस्तुत विवेचनाला अधिक उपयोगी आहे. मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या सफाई कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. चित्रपटात तिचा वावर थोडा आहे. ती रडत नाही, कोणाला दोष देत नाही. विचारले तेवढे सांगते. नवरा आत उतरण्यापूर्वी झुरळे दिसतात का ते बघायचा, म्हणजे आत हवा आहे की नाही ते कळायचे, ही माहिती ती अशा सहजतेने देते की सगळे न्यायालय तिच्यापुढे अडाणी ठरते. कायदा जाणणारे अनेक तेथे हजर आहेत. पण मृत्यूचे कारण समजण्यासाठी जे जाणावे लागते ते तिलाच ठाऊक आहे. ज्ञान व्यक्तिरेखेजवळ असणे, असे मी वर म्हटले ते या अर्थाने.

४

आता उदाहरणादाखल एक आराखडा घेऊ. लांबी बारा मिनिटे. धारूरच्या डोंगराळ भागातून सांगली जिल्ह्यात तोडणीला आलेले जोडपे. स्त्रीचे नाव सुभद्रा. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीत राहून तान्ह्या भावाला सांभाळते. गावाकडच्या शाळेने स्थलांतरित मुलांसाठी असलेले शिक्षण हमी कार्ड तिला दिले आहे. ते कोपीत कुठेतरी खोचून ठेवलेले आहे.

या सामग्रीतून विद्यार्थ्यांचा पहिला खर्डा कसा येईल, हे सांगता येते. जवळच्या शाळेचे गुरुजी तळावर येतात, मुलीला पाहतात, हेलावतात, बापाला समजावतात. बाप चिडतो, आई पदराने डोळे टिपते. शेवटी मुलगी दप्तर घेऊन शाळेच्या फाटकातून आत जाते आणि पार्श्वसंगीत चढते. यात वाईट काहीच नाही, फक्त सुभद्रा नाही. तिला वगळून हीच कथा जशीच्या तशी सांगता येते, आणि संहितेची याहून सोपी कसोटी नाही.

दुसरा खर्डा करताना एकच प्रश्न विचारावा : सुभद्रेपुढे निवड कोणती आहे, आणि तिची किंमत काय? मुलगी शाळेत जावी असे तिला वाटते, हे गृहीत धरू. पण मुलगी शाळेत गेली तर तान्हे मूल फडात न्यावे लागेल. म्हणजे वाहनांची ये-जा, कोयते, पाचटीचा धारदार पसारा यांच्या शेजारी झोळी बांधावी लागेल. नाव घालावयास स्वतः जायचे तर एक खाडा पडेल. खाडा पडला तर नवऱ्याचाही कोयता अर्धा होणार. म्हणजे त्याचा विरोध हा खलनायकी नसून हिशेबी आहे. अशा रीतीने खलपुरुषाची गरजच संपते. तिच्याजवळ अनुकूल असे काय आहे? वाढे. तोडलेल्या उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग जनावरांच्या वैरणीसाठी विकला जातो. उचलीचा पैसा केव्हाच खर्ची पडलेला असतो, मजुरी तिच्यातून वळती होत असते. हंगामात हातात रोख येते ती बहुधा या वाढ्याच्या विक्रीतून, आणि रोजचे मीठ-मिरची तिच्यावर चालते. सुभद्रेने त्यातले काही बाजूला ठेवले आहे. एवढ्या गोष्टी जमल्या की संवाद फार लागत नाही :

"खाडा पडंल."

"पडू द्या. धा दिसाचं वाढं हाय माझ्याकडं."

या दोन वाक्यांत नवरा-बायकोचे नाते, पैशाचा उगम आणि तिचा निर्णय हे तिन्ही येऊन जातात. प्रेक्षकाला वाढे म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर त्याआधीच्या दृश्यात ती मोळीपासून वाढे वेगळे करताना, विकताना आणि पैसे पदराच्या गाठीत बांधताना दाखवावी. स्पष्टीकरण तिच्या तोंडी घालू नये. स्वतःला रोजची असलेली गोष्ट कोणीही उलगडून सांगत नाही.

शाळेचे दृश्य आलेच तर गुरुजींचा केवळ आवाज यावा. दृश्यचौकट सुभद्रेच्या चेहऱ्यावर, किंवा त्याहून बरे म्हणजे कार्ड धरलेल्या तिच्या हातांवर राहावी. 'बनगरवाडी'तल्या शिक्षकाचे स्थान येथे नेमके उलटे होते : पाहणारी ती, आणि पाहिले जाणारे कार्यालय. पुढच्या पहाटे तीच फडात आहे. झोळी बांधलेली आहे. मूल रडते, ती मोळी खाली ठेवीत नाही, वाहनापर्यंत नेते, मग येते. लघुपट येथे थांबावा. मुलगी शाळेत दिसण्याची आवश्यकता नाही. ती गेली आहे हे कोपीपाशी ती नसण्यावरूनच कळते. शेवट सुखाचा की दुःखाचा, असे विद्यार्थी हटकून विचारतील. निर्णय तिने घेतला आहे आणि किंमतही तीच मोजते आहे. त्याला एकच नाव देता येत नाही, हे या आराखड्याचे बलस्थान आहे.

शस्त्रक्रियेचा विषय यात आणावा का? आणता येईल, पण उकलून नव्हे. वाकून मोळी उचलताना ती एक क्षण ओटीपोटावर हात धरते, शेजारीण काही न बोलता मोळीला हात लावते. जाणणाऱ्याला कळेल. एका बाराच मिनिटांच्या कृतीने दोन प्रश्नांची कैफियत मांडू नये, हा रचनेचा साधा नियम आहे.

५

बोलीविषयी स्वतंत्रपणे लिहावयास हवे, कारण आपल्या विभागांतील विद्यार्थ्यांकडून सर्वांत ढिसाळ काम येथेच होते. 'ण'चा 'न' केला, 'व्हय' आणि 'न्हाय' पेरले की ग्रामीण बोली झाली, अशी समजूत आहे. ही रंगभूमीवरची बोली. ती कोणत्याच जिल्ह्याची नाही. बीडकडची 'करायलीय', 'जायलाय' अशी चालू काळाची रूपे, नात्यांची संबोधने, वाक्याच्या शेवटी येणारा हेल हे ऐकल्याखेरीज लिहिता येत नाही. वर दिलेले दोन संवादसुद्धा तात्पुरतेच समजावेत. धारूरच्या एखाद्या स्त्रीने ते वाक्य उच्चारून दुरुस्त केल्यावरच ते संहितेत कायम करावे. तितकीच महत्त्वाची आहे ती कामाची परिभाषा. कोपीला झोपडी, मोळीला गठ्ठा, फडाला शेत आणि वाढ्याला चारा म्हटले की अर्थ पोहोचतो खरा, पण बोलणारी व्यक्ती बदलते. त्या शब्दांत आकार, मोल आणि मालकी साठलेली आहे. कोपी ही हंगाम संपला की मोडायची असते, हे 'झोपडी' सांगत नाही.

स्त्रियांच्या बोलण्याची लय कानात बसावी म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जमा झालेल्या जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह असून, २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यांतील ओव्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्या ओव्या लघुपटात पार्श्वसंगीत म्हणून वापरण्याचा मोह मात्र टाळावा. कष्टाची स्त्री दिसली की ओवी लावायची, हा आता एक ठरलेला संकेत झाला आहे. फडाला स्वतःचा आवाज असतो : पात्याचा, पाचटीचा, दुरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा. तो स्वच्छ मुद्रित करणे हेच बारा मिनिटांना पुरेसे काम आहे.

६

राहिला प्रश्न व्यवहाराचा. तोडणीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या सत्रपरीक्षांशी त्याची गाठ पडते. मजूर गाव सोडतात ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्यापूर्वी, सप्टेंबरात, गावी जाऊन ओळख करून घेतली तर बोलायला वेळ मिळतो. फडावर तो कोणालाच नसतो. चित्रीकरण जानेवारीत ठेवावे. तेव्हा पहाटे उशिरापर्यंत अंधार असतो, आणि या कामाचा दिवस अंधारातच सुरू होतो. विद्यार्थ्यांना तो अंधार तांत्रिक अडचण वाटते. चुलीचा आणि ट्रॅक्टरचा उजेड मिळून जे दिसेल तेवढेच दाखवावे. ड्रोन वापरू नये. उसाच्या हिरव्या विस्तारात ठिपक्याएवढी स्त्री सुंदर दिसते, आणि ती ठिपकाच होऊन बसते.

चालू फडात चित्रीकरण करणे म्हणजे टोळीचे काम थांबविणे. मजुरी टनावर असते. आपण दोन तास अडविले तर त्या दिवशीचे वाहन उशिरा भरते, आणि रात्री भरावे लागते ते स्त्रियांनाच. म्हणून खर्चाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याच्या भाड्याआधी त्या टोळीच्या बुडालेल्या मजुरीची रक्कम लिहावी. ती रक्कम मुकादमाकडे न देता ज्यांचे काम थांबले त्यांच्या हाती, आणि बाईचा वाटा बाईच्या हाती द्यावा. संमतीचेही तसेच. मुकादमाने किंवा नवऱ्याने होकार दिला म्हणजे तिने दिला, असे होत नाही. तिला एकटीला, कामाबाहेरच्या वेळी, तिच्या बोलीत विचारावे, आणि नंतर नको म्हणण्याचा तिचा हक्क तेव्हाच सांगून ठेवावा. ज्या स्त्रीशी आपण बोललो तिचेच नाव-गाव व्यक्तिरेखेला देऊ नये. शस्त्रक्रियेसारखी गोष्ट कॅमेऱ्यापुढे पुन्हा सांगावयास लावणे तर कोणत्याही गुणांकनासाठी समर्थनीय नाही.

लघुपट विभागात सादर करण्याआधी मे महिन्यात, मंडळी गावी परतल्यावर, तो त्यांना दाखवावा. मोठा पडदा नसला तरी चालेल. अंगणात एका भिंतीवर पांढरी चादर पुरते. तेथे काय घडते याकडे एका विद्यार्थ्याने केवळ लक्ष ठेवण्याचे काम करावे : बायका कोठे हसतात, कोणत्या दृश्याला आपसांत बोलू लागतात, मोळी बांधण्याची कोणती पद्धत त्यांना खटकते. या नोंदी प्रकल्पाच्या लेखी अहवालात जोडाव्यात, आणि त्यानंतर संकलनासाठी किमान आठ दिवस राखून ठेवावेत. मुद्रित झालेला संवाद त्या वेळी सहसा बदलता येत नाही. दृश्यांचा क्रम मात्र बदलता येतो, आणि नको असलेले दृश्य काढून टाकता येते.